धावत्या गाडीला रस्त्यातून चार्जिंग: खरी गोची आडव्या दहा सेंटिमीटरची

तांब्याची_तार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

रस्त्यातून वायरलेस चार्जिंगचा विषय निघाला की चर्चा बहुतेक दोनच गोष्टींभोवती फिरते: खर्च किती येणार आणि पावसाळ्यात काय होणार. माझं रोजचं काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचं, कॉइल आणि इन्व्हर्टर रोज हाताखालून जातात. त्यामुळे मला जो प्रश्न सगळ्यात आधी दिसतो तो या चर्चांत येतच नाही. चालती गाडी कॉइलच्या बरोबर वर राहणार कशी? त्यासाठी हा वेगळा धागा.

आधी यंत्रणा सांगतो. रस्त्याखाली तांब्याची गुंडाळी (कॉइल) आणि तिच्यात हजारो हर्ट्झचा प्रवाह. गाडीच्या पोटाला दुसरी गुंडाळी. खालच्या चुंबकीय क्षेत्राचा जेवढा भाग वरची पकडेल, तेवढी वीज गाडीला. या पकडीला कपलिंग म्हणतात. खालचा प्रवाह आणि वरचा भार तोच ठेवला तर वीज कपलिंगच्या वर्गाने बदलते. म्हणजे कपलिंग निम्म्यावर आलं की वीज चौथाई. ती तूट भरायला खालचा प्रवाह वाढवला, तर तारेचं तापणंही प्रवाहाच्या वर्गाने वाढतं.

आता गाडी तीन दिशांना हलू शकते. पुढे-मागे ती चालतेच आहे, त्यामुळे प्रत्येक कॉइलवर एकदा तरी नेमकी येतेच. तिथला प्रश्न वेळेचा. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, १ मीटर लांबीची कॉइल ४० मिलिसेकंदांत मागे पडते. तेवढ्यात गाडी ओळखायची, प्रवाह चढवायचा, उतरवायचा. अवघड आहे, पण हे इलेक्ट्रॉनिक्सचं काम आहे आणि ते आज जमतं. वर-खाली अंतर गाडीच्या रचनेने ठरतं, सस्पेन्शनमुळे थोडं हलतं. उरली आडवी, म्हणजे डावी-उजवी दिशा. ती पूर्णपणे स्टिअरिंगवर, म्हणजे माणसावर.

गाडी उभी असताना चार्ज करण्यासाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे२९५४ हे मानक आहे. त्यात वारंवारता ८५ किलोहर्ट्झच्या आसपास आणि चूक चालेल ती पुढे-मागे ७५ मिलिमीटर, आडवी १०० मिलिमीटर. उभ्या गाडीला एवढी सूट दिलेली आहे. धावत्या गाडीला यापेक्षा जास्त द्यावी लागणार हे उघड आहे. प्रश्न आहे किती, आणि ती कोणाच्या खर्चाने.

टेबलावर हे फार स्पष्ट दिसतं. फेराइटच्या (चुंबकीय क्षेत्राला वाट देणाऱ्या पदार्थाच्या) पट्ट्यांवर लिट्झ वायर (बारीक तारांचा पीळ) गुंडाळलेले दोन गोल पॅड, व्यास ४० सेंटिमीटर, वरच्याला दिवा जोडलेला. वरचा पॅड मोजपट्टीवर एकेक सेंटिमीटर सरकवायचा. सुरुवातीला दिव्यात फरकच कळत नाही. मग प्रकाश झपाट्याने उतरतो आणि १५-१६ सेंटिमीटरच्या आसपास दिवा चक्क विझतो. आणखी पुढे नेला की परत मिणमिणतो, पण ऑसिलोस्कोपवर लाट उलटलेली असते. विझतो तिथे खालून वर जाणारं क्षेत्र आणि परत फिरणारं क्षेत्र वरच्या पॅडमध्ये एकमेकांना खाऊन टाकतात. ऑकलंड विद्यापीठात जॉन बॉइज आणि ग्रँट कोव्हिक यांच्या गटाने हेच दाखवलं: गोल पॅड व्यासाच्या साधारण ४० टक्के सरकला की कपलिंग शून्य. त्यावर त्यांनी दोन 'डी' आकाराच्या गुंडाळ्यांचा पॅड काढला, मग त्यात तिसरी गुंडाळी घातली, जी पहिल्या दोघी गप्प झाल्या की क्षेत्र पकडते. सुंदर काम आहे. पण प्रत्येक जादा गुंडाळी म्हणजे तांबं, फेराइट, वजन आणि आणखी एक रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा).

दक्षिण कोरियाच्या काइस्ट या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने हा रस्ता सगळ्यात चिकाटीने चालला. २०१० मध्ये सोल ग्रँड पार्कमधली गाडी, २०१३ मध्ये गुमी शहरात २४ किमीच्या मार्गावर बस. २० किलोहर्ट्झ, १०० किलोवॅट, रस्ता आणि बसचं पोट यांत १७ सेंटिमीटर अंतर, आणि कार्यक्षमता ८५ टक्क्यांपर्यंत. पूर्ण रस्ता खोदलाच नाही, मार्गाच्या ५ ते १५ टक्के भागात गुंडाळी पुरली. त्यांच्या पुढच्या रचनेत रस्त्यातली पट्टी फक्त १० सेंटिमीटर रुंद आणि आडवी सूट २४ सेंटिमीटर.

आणि या सगळ्याच्या आधी, कॅलिफोर्नियातला 'पाथ' हा संशोधन कार्यक्रम. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या सुरुवातीला त्यांनी ४०० हर्ट्झवर बस चालवली. अंतर जेमतेम ७.६ सेंटिमीटर, कार्यक्षमता ६० टक्के, आडवी सूट १० सेंटिमीटरच्या आत. प्रकल्प बंद पडला. पण त्याच कार्यक्रमाने रस्त्यात सुमारे १.२ मीटरवर एक असे चुंबक पुरून गाडी आपोआप लेनच्या मधोमध चालवून दाखवली. १९९७ मध्ये सॅन दिएगोजवळ आय-१५ महामार्गावर आठ ब्युइक गाड्यांचा ताफा असा चालला. एकाच संस्थेत एका टेबलावर आडव्या चुकीने हैराण झालेला चार्जर आणि दुसऱ्या टेबलावर आडवी चूक घालवणारं स्टिअरिंग! मला हे फार जिव्हारी लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कॉइल रुंद, आणखी रुंद करत बसणं ही चुकीच्या जागी ओतलेली मेहनत आहे. गाडीला रेषेवर धरा. आणि ते ठरलेल्या मार्गावरच्या बसपासून सुरू करा, कारण तिथे रस्ता, गाडी आणि चालक तिन्ही एकाच व्यवस्थेच्या हातात असतात.

तुमचा अनुभव, आक्षेप सगळं लिहा.

---

पहिला_गिअर

मी शहर बस चालवतो, इंजिनिअर नाही. पण तुम्ही "माणसावर" म्हणालात म्हणून लिहितो.

चालक बसच्या मधोमध बसत नाही, उजव्या कोपऱ्यात बसतो. गाडीचा मध्य कुठे आहे हे आम्हाला कधीच दिसत नाही, डाव्या आरशावरून आणि फूटपाथच्या कडेवरून अंदाज असतो. तो अंदाज चांगला असतो, पण दहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटं नि वर थोडं. गर्दीच्या वेळी डावीकडून दुचाकी घुसते, पुढे रिक्षा थांबते, तेव्हा गाडी दोन फूटसुद्धा सरकवावी लागते आणि ती सरकवणंच बरोबर असतं. चार्जिंगसाठी कोणी चालकाला "रेषा सोडू नको" असं शिकवलं तर अपघात होतील.

दुसरं. समोर बाण दाखवणारी स्क्रीन लावणार असाल तर कृपया लावू नका. नजर रस्त्यावर लागते. थांब्यावर गाडी लावताना जो अचूकपणा येतो तो स्क्रीन बघून येत नाही, रस्त्यावर काहीतरी ठळक दिसतं म्हणून येतो. बीआरटीच्या, म्हणजे बसच्या स्वतंत्र लेनच्या थांब्यावर फलाटाला चिकटून लावायला सांगतात. जिथे पिवळी रेषा नीट रंगवलेली आहे तिथे नवीन चालकालाही जमतं. रंग गेला की जुन्यालाही फट राहते आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकायची भीती असते.

---

तांब्याची_तार

पहिला_गिअर दादा, तुम्ही लिहिलंत ते इथल्या कोणत्याही तांत्रिक प्रतिसादाइतकंच मोलाचं आहे.

रंगवलेल्या रेषेचं म्हणालात, ते फ्रान्समधल्या रुआँ शहरात २००१ पासून प्रत्यक्ष वापरात आलं. रस्त्यावर तुटक रेषांची जोडी रंगवलेली, बसच्या पुढच्या काचेमागे कॅमेरा. थांबा जवळ आला की स्टिअरिंग ती रेषा धरून बसला फलाटाशी आणतं. फलाट आणि दरवाजा यांत फट राहते ती काही सेंटिमीटरची. चालकाने स्टिअरिंग हातात घेतलं की ताबा त्याचा. अमेरिकेत ऑरेगनमधल्या युजीन शहरात पाथच्याच चुंबकांवर २०१३ मध्ये प्रवाशांसह बस चालली. ॲडलेडमध्ये तर १९८६ पासून काँक्रीटच्या पन्हळीतून बस धावते, बाजूची छोटी चाकं कडेला टेकून स्टिअरिंग फिरवतात.

या तिन्ही ठिकाणी हेतू चार्जिंगचा नव्हता. अरुंद लेन, फट नसलेला फलाट, वेग, असे हेतू होते. म्हणजे रेषेवर धरण्याची विद्या बसवाल्यांकडे आधीपासून आहे, चार्जिंगवाल्यांनी ती उचलायची आहे. आणि गाडी बाजूला घ्यावी लागली तर खुशाल घ्यावी. तेवढे काही मीटर वीज मिळणार नाही, बस्स. बॅटरी त्यासाठीच आहे.

---

घाटरस्ता

मी रस्तेबांधणीत आहे, डांबरी आणि काँक्रीट दोन्ही केलं आहे. धागा मनापासून आवडला, पण "गाडीला रेषेवर धरा" याला माझा मोठा आक्षेप आहे.

रस्ता टिकतो त्यामागे चालकांच्या याच अनियमितपणाचा मोठा हात आहे. ट्रकची चाकं लेनमध्ये डावी-उजवी भटकतात, त्यामुळे भार पसरतो. अमेरिकेतल्या पेव्हमेंट डिझाइनच्या पद्धतीत (आमच्या धंद्यात रस्त्याच्या थरांना पेव्हमेंट म्हणतात) या भटकण्याचं प्रमाणित विचलन (मध्यापासून किती पसरतं त्याचं माप) १० इंच, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर धरतात. आता सगळ्या बस एकाच रेषेवर चालवल्यात तर प्रत्येक चाक त्याच पट्टीवरून जाणार. उन्हाळ्यात डांबर मऊ असताना तिथे चर पडणार. चर पडला की पाणी साचणार, चाक त्यातच ओढलं जाणार, आणि बस खाली गेल्याने तुमचं १७ सेंटिमीटरचं अंतरही बदलणार. स्वयंचलित ट्रकच्या ताफ्यांबाबत रस्तेवाल्यांची हीच काळजी आहे.

कॉइल चाकांच्या मधल्या पट्टीत असते, त्यामुळे तिच्यावर थेट चाक येत नाही हे मान्य. पण तिच्या कडेचा सांधा, तिथला भराव, केबल बाहेर नेणारी आडवी चरी, यांवरून चाक जातंच. आमचा अनुभव असा की रस्ता नेहमी खोदून बुजवलेल्या जागीच आधी फुटतो.

आणखी दोन गोष्टी. एक, डांबरी रस्त्यावर काही वर्षांनी नवा थर चढतो. ४० मिलिमीटरचा थर चढवला की कॉइल तेवढी खोल गेली. कॉइल वरून साधारण ८ सेंटिमीटर खोल असेल तर थेट १२. म्हणजे आधी वरचा थर खरवडून काढणं आलं, आणि खरवडणाऱ्या यंत्राच्या दातांखाली तुमची तार. दोन, काँक्रीटच्या रस्त्यात सांध्यांवर दोन लाद्या जोडणारे पोलादी डॉवेल बार असतात. चुंबकीय क्षेत्र त्यांना तापवणार की नाही?

---

तांब्याची_तार

घाटरस्ता, याच प्रतिसादासाठी धागा काढला असं म्हणेन.

डॉवेल बार तापतात, आणि कॉइलचं इंडक्टन्सही बिघडवतात. म्हणून गुंडाळी सांध्यापासून दूर हवी आणि तिच्याखाली फेराइट किंवा ॲल्युमिनियमचा पडदा हवा. खरवडण्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. कॉइलची खोली नकाशावर नोंदवून खरवडण्याची मर्यादा तिथे ठरवून द्यावी लागेल, आणि ती पाळणारा ठेकेदार लागेल.

तुमच्या २५ सेंटिमीटरवर मी लगेच हिशोब केला. भटकणं मध्यरेषेभोवती सारखं पसरलेलं धरलं (सामान्य वितरण), तर गाडी १० सेंटिमीटरच्या आत फक्त ३१ टक्के वेळ असते. सूट २० सेंटिमीटर केली तरी ५८ टक्के. म्हणजे नुसत्या हाताने चालवलेल्या ट्रकसाठी कॉइलची रुंदी दुप्पट करूनही रस्त्यातलं बरंचसं तांबं वाया जातं. उलट स्टिअरिंगच्या मदतीने विचलन ५ सेंटिमीटरवर आणलं, तर १० सेंटिमीटरच्या सुटीत ९५ टक्के वेळ जातो. माझा आग्रह यातून आला आहे.

पण तुमच्या चराचं उत्तरही याच आकड्यांत आहे असं वाटतं. १० सेंटिमीटरची सूट आहे तर गाडीला शून्यावर धरायचं कारणच नाही. टेबलावर बघा, पहिले काही सेंटिमीटर दिव्यात फरक कळत नाही. मग एका बसला ८ सेंटिमीटर डावीकडून जायला सांगा, पुढचीला ४, त्यापुढचीला मध्यातून, पुढचीला उजवीकडून. माणसाचं भटकणं मध्यावर दाट आणि कडेला विरळ असतं, हे सगळीकडे सारखं करता येईल. रेषा धरण्याऐवजी पट्टा धरायचा, आणि त्या पट्ट्यात चाकं मुद्दाम पसरायची.

---

घाटरस्ता

हे पटतंय. सारखं पसरलेलं भटकणं रस्त्याला एकाच रेषेपेक्षा निश्चितच बरं. १६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात पसरवूनही ते नैसर्गिक भटकण्याइतकं रुंद नाही, त्यामुळे थर थोडे जाड धरावे लागतील. पण बसच्या स्वतंत्र लेनला आम्ही थर जाड धरतोच. थांब्याजवळ तर काँक्रीटच करतो, कारण ब्रेक आणि वेग घेण्याने डांबर ढकललं जातं.

---

निशा_मिशिगन

इथे डेट्रॉइटमध्ये १४ व्या रस्त्यावर इलेक्ट्रिऑन कंपनीचा असा चार्जिंगचा पाव मैलाचा तुकडा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाला, अमेरिकेतला सार्वजनिक रस्त्यावरचा पहिला. रिसीव्हर असलेली गाडी वर आली की तेवढीच कॉइल जागी होते, एरवी रस्ता शांत. याच कंपनीचे तुकडे स्वीडनमध्ये गॉटलंड बेटावर (१.६ किमी, विमानतळ ते शहर) आणि इटलीत ब्रेशाजवळ ए३५ महामार्गाशेजारच्या वर्तुळाकार चाचणीमार्गावर (१,०५० मीटर) झाले.

आमच्या शेजारच्या इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठाने महामार्गावरच्या पाव मैलात ताशी १०५ किमी वेगाच्या अवजड ट्रकला १९० किलोवॅट देऊन दाखवले, २०२५ मध्ये. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये सातोरी इथल्या चाचणीत १०० किमी वेगाला २० किलोवॅट ही बातमी होती, त्या मानाने झेप मोठी आहे. पण या बातम्यांत आकडा येतो तो विजेचा आणि वेगाचा. चालक किती सेंटिमीटर बाजूला होता, आणि तेव्हा वीज किती झाली, हा आलेख बातमीत छापला जात नाही. ज्यांना रस्ता विकत घ्यायचा आहे त्या नगरपालिकांनी आधी तो आलेख मागावा.

जे२९५४ च्या २०२४ च्या आवृत्तीत पार्किंग करताना गाडीला कॉइलवर नेमकं आणायची चुंबकीय पद्धत प्रमाणित झाली आहे. हलत्या गाडीसाठी असं सर्वमान्य काही यायला हवं, नाहीतर प्रत्येक कंपनीचा रस्ता वेगळा आणि गाडी वेगळी.

---

सहज_विचारतो

तांत्रिक भाग निम्मा डोक्यावरून गेला, तरी वाचतो आहे. माझ्या वडिलांना पेसमेकर आहे. गाडी बाजूला सरकली आणि वीज गाडीत गेली नाही, तर ती जाते कुठे? शेजारच्या स्कूटरवाल्याला, फूटपाथवरच्याला?

आणि आपल्याकडे लेन पाळतं कोण? हे सगळं आपल्या रस्त्यावर शक्य आहे का?

---

तांब्याची_तार

अगदी योग्य प्रश्न. न पकडलेली वीज बाहेर ओसंडत नाही, बराचसा प्रवाह गुंडाळीतच मागे-पुढे होत राहतो. पण चुंबकीय क्षेत्र मात्र बाजूला पसरतं, आणि पॅड सरकलेला असताना जास्त पसरतं, कारण एरवी वरचा फेराइट आणि ॲल्युमिनियमचा पत्रा त्याला झाकून ठेवतो. सामान्य माणसासाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय प्रारण-सुरक्षा संस्थेची २०१० ची मर्यादा या वारंवारतेला २७ मायक्रोटेस्ला आहे, पेसमेकरसाठी त्याहून कमी धरतात. म्हणून नियम असा हवा की आडवी चूक मर्यादेपलीकडे गेली की त्या कॉइलने मिलिसेकंदांत बंद व्हावं, वीज ओढून देण्याचा हट्ट करू नये. सरळ ठेवण्याचा प्रश्न सुरक्षेचाही आहे तो असा.

लेनबद्दल: मिश्र वाहतुकीच्या रस्त्यावर आज मी हे मागणार नाही. थांबे, डेपोचा मार्ग, स्वतंत्र बसलेन, बंदराच्या आवारात ठरलेल्या फेऱ्या मारणारे ट्रक, इथे मागेन. थांब्याचा हिशोब बघा. १०० किलोवॅट ३० सेकंद मिळाले तर ०.८३ युनिट. शहर बसला किलोमीटरला १.२ युनिट लागतात असं धरलं तर जवळजवळ ७०० मीटरची सोय. पुढचा थांबा बहुतेक तेवढ्यातच येतो. आणि थांब्यावर गाडी नेमकी लावायला लागतेच, म्हाताऱ्या माणसाच्या पायासाठी. पहिला_गिअर दादांनी सांगितलेली ती फट आणि माझी आडवी चूक एकाच रेषेने सुटते.

---

अर्धवर्तुळ

मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीने सी-डॅकबरोबर मिळून दीड किलोवॅटचा देशी वायरलेस चार्जर केला, त्याची बातमी वाचून हा विषय प्रोजेक्टला घ्यायचं ठरवलं. तो उभ्या गाडीसाठी आहे. मला हलत्या गाडीची आडवी चूक मोजायची आहे. पॅडच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन छोट्या गुंडाळ्या लावून त्यांच्या व्होल्टेजची वजाबाकी केली तर चालेल का? सर म्हणतात कॅमेरा लाव.

---

तांब्याची_तार

दोन्ही लागतील, आणि का ते समजून घे.

वजाबाकी उत्तम. फक्त ती दोघींच्या बेरजेने भाग, नाहीतर बस भरून खाली बसली की व्होल्टेज वाढेल आणि तुला वाटेल गाडी सरकली. चिन्ह (डावं की उजवं) हवं असेल तर फेज बघावी लागेल, म्हणून मुख्य गुंडाळीचा संदर्भ घेऊन सिंक्रोनस डिटेक्शन कर, म्हणजे तिच्या तालावर मोज. पॅडच्या कडेजवळ क्षेत्र उलटतं, तिथे तुझं यंत्र उजवं-डावं उलट सांगेल. ती जागा आधी टेबलावर मोजून ठेव.

पण या गुंडाळ्या चूक कळवतात ती कॉइलवर पोचल्यावर. तुकड्यातुकड्याच्या रस्त्यात पुढची कॉइल बंद असते, तिचा काहीच सिग्नल नसतो. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. स्टिअरिंगने वळून बस सरकायला अर्धा सेकंद धरला तरी साडेपाच मीटर गेले. म्हणून पुढचं बघणारं काहीतरी हवं, रंगवलेली रेषा आणि कॅमेरा किंवा रस्त्यातले चुंबक. कॅमेरा दिशा दाखवेल, गुंडाळ्या त्याची चूक दुरुस्त करत राहतील. पावसात, धुळीत रेषा दिसेनाशी झाली की गुंडाळ्यांवर भर.

आणखी एक, यात हमखास फसायला होतं. कॅमेरा पुढे, पॅड मागे. दोघांत ५ मीटर अंतर असेल आणि बस रेषेशी नुसती १ अंश तिरकी असेल, तर पुढचं टोक रेषेवर असूनही पॅड जवळजवळ ९ सेंटिमीटर बाजूला असतो. दहातले नऊ तिथेच गेले. म्हणून सेन्सरच्या दोन जोड्या लाव, पॅडच्या पुढच्या कडेला एक आणि मागच्या कडेला एक, म्हणजे तिरकेपणाही कळेल.

---

पहिला_गिअर

वळणावरून बाहेर पडताना हेच होतं. पुढचं चाक लेनमध्ये आलं तरी मागचं शेपूट बराच वेळ आत असतं. त्यामुळे वळण संपल्यावर लगेच कॉइल ठेवू नका, बसच्या एक-दीड लांबीएवढा सरळ रस्ता सोडा. थांब्यालाही तसंच, खाचेतल्या थांब्यात बस कधीच सरळ लागत नाही. सरळ रस्त्याला लागून असलेला थांबा निवडा.

---

अर्धवर्तुळ

दादा, हे थेट लिहून घेतलं. ट्रॅकवर वळणानंतरचं अंतर बदलत जाऊन पॅडची चूक किती मीटरनंतर ५ सेंटिमीटरच्या आत येते ते मोजेन. गाडी छोटी असेल, पण दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या पटीत मांडलं तर बसला लावता येईल ना?

---

तांब्याची_तार

येईल, वेग कमी असेल तोवर. चाक घसरायला लागलं की भूमितीचा हिशोब पुरत नाही. आधी हातगतीने ढकलून मोज, मग मोटरवर. कपलिंग विरुद्ध आडवी चूक हा आलेख तीन वेगवेगळ्या उंचींवर काढ आणि इथे टाक. घाटरस्ता, तोपर्यंत ४० मिलिमीटरचा थर चढल्यावरची उंची अर्धवर्तुळला कोणती धरायची ते तुम्ही सांगा.

---

घाटरस्ता

मूळ अंतर, मूळ अधिक ४० मिलिमीटर, आणि चर पडल्यावरचं म्हणून मूळ वजा २० मिलिमीटर. २० मिलिमीटरला आम्ही चर दुरुस्तीला घेतो, त्यापलीकडे मोजायची गरज नाही.